नागपूरच्या पुढचं दुकान

शामसुंदरराव पोहनकरांना बायकोने फक्त पंखा पुसायला सांगितला होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याच्या अनेक कथा भिलाईतल्या त्यांच्या सेक्टरभर पसरल्या आणि त्यातल्या निम्म्या शेजारच्या देवरावांनी पसरवल्या.

"बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मी दोन दिवस दुर्गले जाऊन राहिली," प्रेमलाताई मंगळवारी सकाळी म्हणाल्या. "गुरुवारी नऊपर्यंत येते. दुकानातला पंखा तेवढा पुसून ठेवा. बाकी कशाले हात लावू नका."

"कशालेच नाई?"

"कशालेच नाई."

गुरुवारी अकरा वाजता नागपूरहून फोटो काढायला एक मुलगी येणार होती. दुकान प्रेमलाताईंचं. सेक्टर मार्केटमधला तो गाळा, 'प्रेमल पडदे' असा बोर्ड, आत शिलाई मशीन, छतापर्यंत कापडाचे तागे, दोरीवर शिवलेले पडदे आणि उश्यांचे अभ्रे, खिळ्यांवर गोंडे आणि लॅम्पशेड. आणि काउंटरवर 'सजलं घर' या पुण्याच्या मासिकाची बावीस वर्षांची थप्पी. घर कसं सजवावं हे सांगणाऱ्या या मासिकावरच दुकान चालत होतं म्हणा ना. बायका यायच्या, थप्पीतला अंक उघडायच्या, चित्रावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "असाच पायजे." प्रेमलाताई चष्मा लावून चित्र नीट पाहायच्या आणि दर वेळी एकच उत्तर द्यायच्या, "असाच्या असा नाई होणार जी. जवळपास करून देते." चित्रातलं कापड मुंबईचं, चित्रातली खिडकी भिंतभर, आणि आपल्याकडे क्वार्टरची तीन फुटी खिडकी, तिला मधोमध गज. असाच्या असा कुठून होणार? पण प्रेमलाताईंचा हात चांगला होता आणि त्यांचं जवळपाससुद्धा लोकांना आवडायचं.

मासिकाच्या शेवटच्या पानावर 'कुठे मिळेल?' नावाचं सदर असे. अंकात दिसलेल्या वस्तू कोणत्या दुकानात मिळतात त्याचे पत्ते. दुकानं लहान लहानच. पण एकदा तिथे नाव आलं की लोक कात्रण घेऊन दुसऱ्या गावाहून येत, असं प्रेमलाताई सांगायच्या. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, फार तर फार नागपूर. नागपूरला ते पान संपायचं. प्रेमलाताई अंक हातात आला की आधी मागूनच उघडायच्या. शामसुंदररावांना वाटायचं की हिला उलटी वाचायची सवय आहे.

अलीकडे अंक वर्षागणिक वाळत चालला होता. पावर हाउसच्या बाजारात गुड्डूच्या पेपर स्टॉलवर पूर्वी पंचवीस प्रती येत, आता दोन येत. एक प्रेमलाताईंची आणि एक कोणीच न घेतलेली. नव्या मुली फोन घेऊन दुकानात यायच्या. त्यांचं बोट चित्रावर ठरायचंच नाही. प्रेमलाताई चष्मा लावेपर्यंत पडदा जाऊन सोफा यायचा आणि सोफा नीट बघेपर्यंत कुणाचं तरी मांजर.

आणि जानेवारीत ते पत्र आलं. मार्चचा अंक हा 'सजलं घर'चा शेवटचा छापील अंक असेल आणि त्यात 'प्रेमल पडदे' या दुकानावर दोन पानं देण्याचा आमचा विचार आहे. प्रेमलाताईंनी पत्र वाचलं, घडी केली आणि मोठ्या कात्रीखाली ठेवलं. त्या दिवशी त्यांनी ती कात्री चारदा उचलली आणि एकदाही कापड कापलं नाही. एवढ्यावरून शामसुंदररावांना कळलं की हे प्रकरण साधं नाही.

पण त्यांना छळत होता तो वेगळाच प्रश्न. शामसुंदररावांची अख्खी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या स्टोअर्समध्ये गेली होती. स्टोअर्सचा नियम असा की कुणीतरी मागणी लिहून दिल्याशिवाय, म्हणजे इंडेंट आल्याशिवाय, गोदामातून खिळासुद्धा हलत नाही. छत्तीस वर्षांत आपल्या टेबलावर एकही इंडेंट आठ दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. मग पुण्याच्या मासिकाला भिलाईतलं पडद्याचं दुकान कळलं कसं? इंडेंट कोणी दिला?

त्यांनी चौकशी सुरू केली. हैदराबादला मुलीला फोन केला. अनुजा म्हणाली, "बाबा, ते मासिक अजून निघतं?" गुड्डूला गाठलं. तो म्हणाला, "मैं क्यों लिखूँगा साहब? मेरे को तो पता भी नहीं था कि लोग उसको पढ़ते हैं।" देवरावांनी आपण लिहिलेलं नाही असं सांगितलं, पण अशा आवाजात सांगितलं की लिहिलं असावं असं वाटावं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुमाले काय करायचं आहे?" आणि मशीन चालू केली.

तर पंखा.

मंगळवारी दुपारी शामसुंदरराव स्टुलावर चढले आणि पंख्याला ओलं फडकं लावलं. पंख्यावर अनेक वर्षांची धूळ होती, ती फडक्यावर न येता खालच्या ताग्यांवर आली. तागे झटकायला बाहेर काढले. तागे काढल्यावर मागची भिंत दिसली. बावीस वर्षांत ती कुणीच पाहिली नव्हती आणि न पाहिलेलीच बरी होती. आता भिंत दिसलीच आहे तर एक हात चुन्याचा मारावा, एवढंच त्यांच्या मनात आलं. बाईमाणूस घरात नसताना पुरुषाच्या मनात आलेल्या गोष्टीला अडवणारं कोणी नसतं.

तेवढ्यात देवराव आले. देवराव प्लांटच्या सेफ्टी खात्यातून रिटायर झालेले. सांडशीची मूठ ढिली दिसली तरी त्यांना धोका दिसे.

"काय करून राहिले शामराव?"

"फोटोवाली येऊन राहिली न परवा. थोडं साफसूफ."

देवरावांनी गाळ्याला एक चक्कर मारली. ती चार पावलांत संपली. "व्हिजिट आहे म्हणा न सरळ. अन् व्हिजिटले हे असं दाखवता तुमी? कापड, कागद, दोऱ्या! एक ठिणगी पडली तर? अन् चालाले जागा कुठी आहे? चौऱ्याण्णवची व्हिजिट विसरले काय?"

शामसुंदरराव चौऱ्याण्णवची व्हिजिट कशी विसरतील? दिल्लीचे मोठे साहेब येणार म्हणून त्यांनी तीन दिवसांत अख्खं स्टोअर रिकामं करून माल मागच्या शेडमध्ये लपवला होता, विटांच्या कडांना एक आड एक गेरू आणि चुना फासला होता, दुसऱ्या खात्याच्या कुंड्या आणून लावल्या होत्या. साहेब आले, म्हणाले, "व्हेरी क्लीन," आणि गेले. त्या दोन शब्दांचं प्रशस्तिपत्र आजही बैठकीत फ्रेममध्ये आहे. व्हिजिट म्हणजे काय याची शामसुंदररावांची कल्पना तिथेच पक्की झाली होती: पाहुणा येतो तेव्हा माल दिसता कामा नये.

बायकोचं 'कशालेच नाई' त्यांना आठवलं नाही असं नाही. पण परत आल्यावर तिचा चेहरा कसा फुलेल हेही त्यांना दिसू लागलं, आणि ते दिसू लागल्यावर आधीचं जरा पुसट झालं.

माल ठेवायचा कुठे? समोरच्या क्वार्टरमधल्या सिंधुताई पुढे आल्या. "माझ्या इथं ठेवा न भाऊ. पण पडदे घडी करून नका देऊ, सुरकुत्या पडतील. मी खिडकीले टांगून देते. दोन दिवसाचा तर प्रश्न आहे." बोलणं पटण्यासारखं होतं. पडदे सिंधुताईंकडे, त्यांच्या शेजारच्या नीरजाकडे आणि त्याच ओळीतल्या आणखी तीन घरांत टांगले गेले, तागे पलंगांखाली गेले. लॅम्पशेड नुसती ठेवली तर चेपतात, म्हणून ती दिव्यांवर चढली. अभ्रे उंदीर कुरतडतील, म्हणून ते उश्यांवर चढले. मासिकांची थप्पी देवरावांनी नेली, ती जळाऊ माल म्हणून; मात्र घरी नेल्यावर ते ती पहिल्या अंकापासून वाचायला बसले.

बुधवारी सकाळी गेरू आणि चुना आणायला शामसुंदरराव पावर हाउसला गेले. आल्यावर कळलं की गाळ्याबाहेरच्या विटा रंगवायला मार्केटच्या व्यापारी मंडळाची परवानगी लागते. मंडळाचे सचिव कवडूजी यांनी टेबलाचे सगळे खण उघडून पाहिले.

"विटा रंगवायचा फॉर्म नाई आपल्याजवळ," ते म्हणाले. "मंडपाचा आहे."

"मले मंडप नाई टाकायचा."

"फॉर्म तर भरा लागंल न. रेकॉर्डले काहीतरी पायजे."

कागदाशिवाय काम करणं शामसुंदररावांच्याही रक्तात नव्हतं. त्यांनी फॉर्म भरला. वराचं नाव: शामसुंदर. वधूचं नाव: प्रेमला. अपेक्षित पाहुणे: एक. कवडूजींनी फॉर्म वाचून शिक्का मारला आणि गंभीरपणे म्हणाले, "अभिनंदन."

दुपारी ते सिविक सेंटरला जाऊन 'हार्दिक स्वागत' असं फ्लेक्स छापून घेऊन आले. ते लावायला जागा एकच होती, दुकानाच्या बोर्डावर. देवरावांनी सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाच्या सहा कुंड्या मिळवून दिल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात 'प्रभात फेरी मंडळ' लिहिलेलं. संध्याकाळी शामसुंदरराव रस्त्यापलीकडे उभे राहून पाहू लागले. पांढरीशुभ्र भिंत, लाल-पांढऱ्या विटा, सहा कुंड्या, चकचकीत पंखा. आत मशीन आणि एक स्टूल, बाकी काही नाही. व्हेरी क्लीन. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं अभिमानाने आणि थोडं चुन्याने.

गुरुवारी प्रेमलाताईंची बस वेळेवर आली नाही. त्या ऑटोतून उतरल्या तेव्हा अकराला पाच कमी होते आणि त्यांच्या मागच्याच ऑटोतून फोटोवाली प्रणिता उतरली. त्यामुळे शामसुंदररावांनी दोन दिवस घोकलेलं भाषण राहूनच गेलं. दोघी बायका एकाच वेळी दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि दोघींनी एकाच वेळी तोंड उघडून मिटलं.

"काका, दुकान कुठे आहे?" प्रणिताने विचारलं.

"हेच न जी."

ती आत डोकावली. "म्हणजे, दुकान शिफ्ट केलं का? यात काय आहे?"

"स्वच्छता," शामसुंदरराव म्हणाले. बोलल्यावर त्यांना वाटलं की दुसरा शब्द चालला असता.

 प्रेमलाताई आत गेल्या आणि मोकळ्या भिंतीवर, जिथे चौकड्याचे तागे असायचे तिथे, हात ठेवून उभ्या राहिल्या. हाताला चुना लागला. तो त्यांनी पदराला पुसला. बायको ओरडली असती तर शामसुंदररावांना तोंड देता आलं असतं. तीस-चाळीस वर्षांचा सराव होता. हे निराळं होतं.

"माल आणतो मी, आत्ता आणतो," ते म्हणाले. "पाच घरं फक्त. शिडी..."

"माझी गाडी तीनला आहे काका," प्रणिता हळूच म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने बॅगेतून प्लास्टिकची फाइल काढली. "काकू, हे तुम्हाला द्यायला सांगितलंय. ऑफिस रिकामं करून राहिले न पुण्याला, तेव्हा कपाटात सापडलं. यावरूनच तर ठरलं तुमचं. हे तुमचंच न?"

फाइलमध्ये पत्रं होती. प्रेमलाताईंनी घाईने हात पुढे केला, पण फाइल शामसुंदररावांच्या बाजूला होती आणि आलेला कागद आपल्या हातात घ्यायचा ही छत्तीस वर्षांची सवय. अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. घरातल्या डब्यांवर 'धने', 'जिरे' लिहिलेलं तेच.

"माननीय संपादक, स. न. वि. वि. आपल्या 'कुठे मिळेल?' या पानावर नागपूरच्या पुढचं एकही दुकान नसतं. नागपूरच्या पुढेही घरं आहेत आणि त्यांना खिडक्या आहेत. माझं भिलाईत पडद्यांचं छोटं दुकान आहे. एक ओळ छापली तरी पुरे." खाली तारीख, दोन हजार सातची. पुढचं पत्र आठचं. मग नऊचं. दर दिवाळीला एक. मजकूर थोडाफार बदललेला, शेवट तोच, एक ओळ छापली तरी पुरे. शामसुंदररावांनी मोजली. अठरा पत्रं.

म्हणजे इंडेंट घरातूनच गेला होता. अठरा वर्षं पडून राहिला होता. आणि गावभर चौकशी करणाऱ्या स्टोअर्सच्या माणसाला आपण जेवतो त्याच घरातून गेलेल्या इंडेंटचा पत्ताही नव्हता.

"मले कावून नाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी देवरावले सांगितलं असतं," प्रेमलाताई म्हणाल्या.

 देवराव बाजूलाच उभे होते.

"उत्तर कधीच नाई आलं त्यांचं," प्रेमलाताई प्रणिताला म्हणाल्या. "आता कावून घेतलं मग?"

"खरं सांगू काकू? पानं आधीच बुक असायची. मोठमोठे शोरूम जाहिराती द्यायचे, त्यांचीच नावं मागच्या पानावर जायची. आता सगळे फोनवर गेले. शेवटच्या अंकाला एक पण जाहिरात नाही. म्हणून जागा झाली."

प्रेमलाताई हे ऐकून थोड्याशा हसल्या. मग दाराबाहेर आल्या, 'हार्दिक स्वागत'च्या मागे आपला बोर्ड आहे की तोही गेला ते बघायला. आणि त्यांची नजर समोरच्या क्वार्टरांकडे गेली. तिथेच थांबली.

पाच घरांच्या खिडक्यांना त्यांचे पडदे होते. सिंधुताईंकडे हळदी रंगाचे, नीरजाकडे निळ्या चौकड्याचे, पलीकडे कोसा रेशमाच्या काठाचे. फेब्रुवारीचं वारं होतं आणि पडदे गजांतून आतबाहेर होत होते. बावीस वर्षं त्यांनी पडदे शिवले, घडी केली, पिशवीत भरून दिले. लागल्यावर ते कसे दिसतात ते बघायला कोण बोलावतं? सांगितलेल्या मापावर विश्वास ठेवायचा आणि पुढचं कापड घ्यायचं. इतके पडदे एकदम लागलेले त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"हे मी शिवले," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कळलं नाही.

प्रणिताने तोवर कॅमेरा बाहेर काढला होता.

पुढचे चार तास शामसुंदररावांनी हुकूम पाळण्यात घालवले. उजेड परतवायला पांढरी चादर दोन्ही हातांनी वर धरायची हे काम त्यांच्याकडे होतं, पायजम्याला गेरू लागलेला असताना आणि येणारीजाणारी प्रत्येक व्यक्ती "काय झालं जी?" विचारत असताना. सिंधुताईंनी फोटोसाठी पोळ्या लाटल्या, अठरा लाटल्या, कारण प्रणिता थांब म्हणाली नाही. देवराव प्रत्येक चौकटीत येत होते. शेवटी प्रणिताने त्यांना पाठमोरं बसवून मासिक वाचायला दिलं, म्हणजे पाठीमागची उशी तरी दिसेल. प्रेमलाताई घराघरांतून फिरत होत्या, कुठे चुणी सारखी करत होत्या, कुठे नुसत्याच बघत होत्या. नीरजाच्या खिडकीशी त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की प्रणिताने हाक मारली नाही, फोटो काढला.

तीनची गाडी गेली. प्रणिता साडेपाचच्या गाडीने, सिंधुताईंच्या सहा पोळ्या घेऊन गेली. माल परत आणायला चार दिवस लागले, कारण हळदी पडदे सिंधुताई सोडेनात. "भाऊ, आता सवय झाली," त्या म्हणाल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शामसुंदरराव रोज पावर हाउसला चकरा मारू लागले. सहाव्या दिवशी गुड्डूने त्यांना लांबूनच दोन अंक हलवून दाखवले. "दोनों ले जाओ साहब। अब नहीं आएगा।"

त्यांनी अंक तिथेच, फुटपाथवर उभं राहून उघडला. मागून. 'कुठे मिळेल?' सदरात त्या महिन्यात एकच नाव होतं: प्रेमल पडदे, सेक्टर मार्केट, भिलाई. आत दोन पानं. निळ्या चौकड्याशी उभ्या असलेल्या प्रेमलाताई, सिंधुताईंची पोळपाटामागे उजळलेली खिडकी, देवरावांची पाठ. एका कोपऱ्यात चादर धरलेली चार बोटं, चुना लागलेली. आणि अगदी खाली रिकाम्या गाळ्याचा बोटभर फोटो. त्यात दुकानाचं नाव दिसत नव्हतं. 'प्रभात फेरी मंडळ' मात्र स्वच्छ वाचता येत होतं.

घरी येऊन त्यांनी पत्रांची फाइल मागून घेतली. खिशातून जुनी लाल पेन्सिल काढली आणि अठराही पत्रांच्या कोपऱ्यात, स्टोअर्समध्ये लिहायचे तसं, एकेक करून लिहिलं: पुरवठा झाला. तारीख, सही. मग सगळ्यात वरच्या पत्रावर, जे स्टोअर्समध्ये कधीच कुणी लिहीत नसे, तेही लिहिलं: उशिराबद्दल माफी. प्रेमलाताईंनी ते वाचलं. फाइल कपाटात ठेवायला म्हणून घेऊन गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

महिनाभर दुकानात काही वेगळं झालं नाही. शेवटचा अंक किती घरांत गेला असेल कोण जाणे. शामसुंदरराव रोज स्टुलावर बसून रस्त्याकडे बघायचे आणि रोज प्रेमलाताई म्हणायच्या, "तुमी घरी जा बरं, गिऱ्हाइकं घाबरून राहिली."

मग एका सोमवारी नंदिनी नगरहून, म्हणजे दुसऱ्या गावाहून, एक बाई आल्या. पिशवीतून त्यांनी घडी केलेला कागद काढून काउंटरवर पसरला. मासिकाचं पान होतं, बहिणीने नागपूरहून पाठवलेलं. त्यांनी निळ्या चौकड्यावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं, सरकलं नाही.

"असाच पायजे," त्या म्हणाल्या.

प्रेमलाताईंनी चष्मा लावला, चित्र जवळ ओढलं आणि सवयीने सुरुवात केली, "असाच्या असा नाई..." आणि थांबल्या. शामसुंदररावांनी स्टुलावरून मान वर केली.

"होईल न जी," प्रेमलाताई म्हणाल्या. "असाच्या असा होईल."

आणि माप घ्यायची फीत त्यांनी गळ्यातून काढली.